उघडल्याची तारीख

पोमाला मोकळं केलं त्या दिवशी कोनादूच्या शिवणाच्या दुकानात उभं राहायलाही जागा नव्हती. पोमा तिथे तीन वर्षं शिकली होती. आता तिला पांढऱ्या कापडाने सजवलेल्या खुर्चीवर बसवलं होतं आणि कोनादू तिच्या डोक्यावर, मानेवर, खांद्यांवर पावडरचा अख्खा डबा रिकामा करत होती.

"आजपासून तू मोकळी," कोनादू म्हणाली. "बाहेर जाऊन वाकडी शिलाई मारलीस तर लोक तुझं नाव घेणार नाहीत, माझं घेतील. ध्यानात ठेव."

"हो, मॅडम," पोमा म्हणाली आणि शिंकली. सगळे हसले.

आमच्या एफिदुआसे गावात हे असंच चालतं. शिवण असो, केस गुंफणं असो की मोटारदुरुस्ती असो, मूल शिकायला ठेवायचं तर घरचे वडीलधारे श्नॅप्स या कडक दारूची बाटली घेऊन उस्तादाच्या दारी जातात. मुलाने आपलं यंत्र आणि आपलं स्टूल बरोबर न्यायचं. शिकून झालं की उस्तादाने चारचौघांत पावडर उधळून त्याला मोकळं करायचं. मोकळं न होता पळून आलेल्याच्या हाती कुणी कापड देत नाही.

मी या गावच्या शाळेत जन्मभर शिकवलं, त्यामुळे अशा प्रत्येक समारंभाला मला पुढची खुर्ची मिळते. त्या दिवशी माझं लक्ष मात्र इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या फ्रेमाकडे होतं. फ्रेमा ही कोनादूची मुलगी. ती माझी आवडती विद्यार्थिनी होती असं मी म्हणणार नाही, कारण शिक्षिकेला आवडती विद्यार्थिनी नसावी. पण अकरा वर्षांची असताना तिने मला विचारलं होतं, "बाई, केंकीच्या उंड्यांसाठी मक्याचं पीठ आंबतं, तेव्हा त्याला आंबायला कोण सांगतं?" त्या प्रश्नाचं पुरतं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. मग ती स्वतःच ते शोधायला निघाली. जीवरसायनशास्त्रात एमफिल करून ती नुकती घरी आली होती.

"काय गं शास्त्रज्ञ," तिच्या मामाने, आंत्वीने, तिला हटकलं, "आनंदाच्या दिवशी असं शिळं तोंड का?"

"मामा, पीएचडीसाठी तीन ठिकाणांहून बोलावणं आलंय."

"मग नाच की! एकही आलं नसतं तर रडली असतीस, तीन आली तरी रडतेस?"

"एप्रिलच्या मध्यापर्यंत कळवायचंय. एकाला हो, दोघांना नाही."

"त्यात काय अवघड? सगळ्यांत मोठी इमारत कुणाची ते बघ आणि तिथे जा."

कोनादूने पावडरचा रिकामा डबा त्याच्या हातात कोंबला. "माझ्या दुकानावर पत्रे आहेत, दादा. पोमाच्या आईने इमारत बघितली असती तर पोमा आज या खुर्चीत नसती."

"मग काय बघितलं तिने?"

"मी आधी ज्यांना मोकळं केलं त्या मुलींकडे जाऊन आली. मॅडम शेजारी नसताना काय काय शिवता येतं, ते विचारून आली."

आंत्वीने मान हलवली. तो कोकोच्या वखारीवर पोती तोलतो. तोलून झालेल्या गोष्टीवर तो वाद घालत नाही. पण आमच्याकडे मुलीच्या बाबतीत बापाच्याही आधी मामाचा शब्द असतो, आणि तो शब्द अजून उच्चारायचा राहिला आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रेमा माझ्या ओट्यावर आली. तिथे शाळेने टाकून दिलेला एक फळा आहे. शेजारपाजारची मुलं गणितं सोडवायला येतात, म्हणजे खरं तर माझी केळी खायला येतात आणि लाजेखातर गणितं सोडवतात. फ्रेमाने फळा पुसला आणि तीन उभे रकाने आखले: जर्मनी, अमेरिका, घर.

"ही कसली गणितं?" नऊ वर्षांच्या मान्साने विचारलं.

"मी कुठे शिकायला जाऊ, याचं गणित."

"अजून शिकायचंय?" मान्सा घाबरून म्हणाली. "तुझं झालं नाही?"

फ्रेमा हसली आणि खडूने लिहू लागली. जर्मनीत तीन वर्षं, नोकरीसारखा पगार. विषय त्यांनीच आधी ठरवलेला: एका जंतूमधलं एक प्रथिन. "म्हणजे कापून ठेवलेलं कापड," ती मला म्हणाली. "मी फक्त शिवायचं. लवकर होईल, छान होईल, पण झगा दुसऱ्याचा."

अमेरिकेत पाच ते सहा वर्षं. यंत्रं भरपूर, खोल्या भरपूर. पहिल्या वर्षी वर्ग असतात, शिवाय तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत काही काही आठवडे काम करून बघायचं आणि मग कुणाकडे राहायचं ते ठरवायचं.

"म्हणजे तीन घरी जेवायचं, आणि मग सांगायचं कुणाचं सूप चांगलं?" मान्साने विचारलं.

"अगदी तसंच."

"मग तिथेच जा ना!"

तिसरा रकाना घराचा. घर म्हणजे आमचं गाव नव्हे, पण आपल्याच देशात, समुद्राकाठच्या एका विद्यापीठात, प्रोफेसर आंपेम यांच्याकडे. एका परिषदेत त्यांनी फ्रेमाचं काम बघितलं होतं आणि म्हणाल्या होत्या, यायचं असेल तर जागा ठेवते. चार वर्षं. विद्यावेतन तिन्हींत सगळ्यांत कमी. यंत्रं मोजकी आणि वीज लहरी. विषय मात्र फ्रेमाचा स्वतःचा. मक्यावर बुरशी चढली की ती दाण्यांत विष सोडते आणि ते माणसाच्या यकृतात जाऊन बसतं. पीठ आंबवलं की त्यातलं काही विष कमी होतं. ते कोण कमी करतं, कसं, आणि कधी करत नाही, हे तिला शोधायचं होतं.

"बाई, आता तुम्ही सांगा," ती म्हणाली.

"मी कधी उत्तर सांगितलंय का?"

"नाही. म्हणून तर शाळेत रोज डोकं दुखायचं."

माझ्या मनात उत्तर नव्हतं असं नाही. म्हातारीला वाटतं, मुलं हाकेच्या अंतरावर असावीत. पण माझ्या सोयीचं उत्तर म्हणजे तिचं उत्तर नव्हे. म्हणून मी फळ्याकडे बोट दाखवलं. "वर्षं लिहिलीस, पगार लिहिलास, यंत्रं लिहिलीस. थंडीसुद्धा लिहिलीस. काल तुझी आई काय म्हणाली?"

तिने क्षणभर फळ्याकडे पाहिलं. मग खाली एक ओळ वाढवली: कुणाकुणाला मोकळं केलं? आणि त्या ओळीत तिन्हीकडे प्रश्नचिन्ह काढलं. थोड्या वेळाने तिने पहिला रकाना स्वतःच पुसला. दोन उरले.

त्या आठवड्यातच एका सकाळी आंत्वी माझ्या दारात उभा. अंगावर समारंभाचं जाड विणीचं वस्त्र, काखेत कागदात गुंडाळलेली बाटली, दुसऱ्या हातात कोरं करकरीत लाकडी स्टूल.

"बाई, चला. प्रोफेसरीण बाईंना भेटून येऊ. साक्षीला शहाणं माणूस हवं."

"फ्रेमाला माहीत आहे?"

"माहीत आहे तर!"

मला तेव्हाच विचारायला हवं होतं की काय माहीत आहे. ट्रोट्रोत, म्हणजे खच्चून भरणाऱ्या छोट्या बसमध्ये, बसून आम्ही निघालो. स्टूल मांडीवर घेऊन तो वाटभर सहप्रवाशांना सांगत होता की आमच्या मुलीला मोठ्या उस्तादीणबाईंकडे ठेवायला चाललोय. बरं, काय शिकणार? "पीठ," तो अभिमानाने म्हणाला. एक बाई म्हणाली, पीठ शिकायला इतकं लांब कशाला, माझ्याकडे पाठव.

प्रोफेसर आंपेम यांची खोली लहान होती आणि पुस्तकांनी ती आणखी लहान झाली होती. बाई साठीच्या आतबाहेरच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. दारापाशी त्यांची विद्यार्थिनी सेलोर्म उभी होती, हातात नळ्यांचा ठोकळा घेऊन. आंत्वीने रीतसर विचारपूस केली, प्रवासाचं प्रयोजन सांगितलं आणि बाटली टेबलावर ठेवली.

"आमची फ्रेमा तुमच्या हवाली करायला आलोय. तिची चूक झाली तर रागवा, पण उपाशी ठेवू नका. स्टूल आणलंय. आता यंत्र कुठलं आणायचं तेवढं सांगा. तिच्या आईकडे एक जास्तीचं शिलाईमशीन आहे, पण ते इथे चालेलसं वाटत नाही."

सेलोर्मने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते. माझे कान तापले.

प्रोफेसर बाईंनी चष्मा खाली घेतला. त्या हसल्या नाहीत. "सेंट्रिफ्यूज जमेल का?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"केवढं असतं ते?"

"या टेबलाएवढं. नळ्या ठेवल्या की गरगर फिरवून जड खाली आणि हलकं वर काढून देतं. आमचं फिरायचं थांबलंय. सुटा भाग परदेशातून यायचाय."

"बघतो," आंत्वी म्हणाला. "कुमासीत माझ्या ओळखीचा एक फिटर आहे."

"बघाच," बाई म्हणाल्या, आणि आता मात्र त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "माझ्या वडिलांनीही माझ्या भावाला मेकॅनिककडे असंच नेलं होतं. बाटली, स्टूल, पाने-पकडीची पेटी, सगळं घेऊन. पण मला सांगा, मुलगी कुठे आहे?"

"घरी."

"लग्नाच्या बोलणीत बाटली पुढे ठेवल्यावर काय करता?"

"मुलीला तीनदा विचारतो, घ्यायची का म्हणून. ती हो म्हणाली तर घेतो."

"मग इथे?"

"शिकाऊला कुठे कोण विचारतं?"

"म्हणूनच निम्मे पळून जातात," बाई म्हणाल्या. त्यांनी खणातून पांढरी चिकटपट्टी काढली, तिच्यावर काही लिहिलं आणि ती बाटलीला चिकटवली. मी वाकून वाचलं. वर फ्रेमाचं नाव. खाली, मिळाल्याची तारीख. त्याखाली, उघडल्याची तारीख, आणि पुढची जागा कोरी.

"आमच्याकडे प्रत्येक बाटलीवर या दोन तारखा असतात. नाहीतर कुणी काय, कधी वापरलं कळत नाही. ही बाटली मी ठेवून घेते, पण उघडत नाही. मुलीला पाठवा. आठवडाभर इथे काम करू दे. आल्यावर एकदा विचारीन, जाताना एकदा, आणि उत्तर द्यायच्या दिवशी एकदा."

परतताना आंत्वी खूश होता. "ठेवून घेतली की नाही?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

फ्रेमा खूश नव्हती. दुकानात आईपुढे, शिकाऊ मुलींपुढे ती मामावर कडाडली.

"मी हो म्हटलं नव्हतं, मामा! 'मी जरा त्यांची चौकशी करून येतो' म्हणालात. ही चौकशी? आता मी अमेरिकेला गेले तर त्या म्हणणार, वडीलधाऱ्यांनी शब्द दिला आणि पोरीने मोडला. आणि इथे राहिले तर जन्मभर वाटत राहणार, मी निवडलं की बाटलीने निवडलं!"

"अगं, तुझ्या भल्यासाठी..."

"आणि स्टूल! बाई, त्यांनी स्टूलसुद्धा नेलं?"

"नेलं," मी म्हणाले. "चांगलं आहे. सागवानी."

कोनादू मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "दादा, कुणाचं माप न घेता कापड कापलंस तू." आंत्वी दाराकडे वळला. बाहेर जाऊन बाकावर बसला. एवढा मोठा माणूस, पण बाकावर तो पोत्यासारखा ढेपाळला होता. मी फ्रेमाला म्हणाले, "बाटली उघडलेली नाही. जा आणि बघ."

ती गेली. पहिल्या दिवशी प्रोफेसर बाईंनी विचारलं, "उघडू?" ती म्हणाली, "माहीत नाही." बाई म्हणाल्या, "खरं बोलतेस. कोट घाल."

आठवडा सरल्यावर ती थेट माझ्या ओट्यावर आली. हाताला आंबट वास येत होता. मुलांना तिने बाजूला सरकायला सांगितलं, पण ती काही सरकली नाहीत.

"बाई, पहिल्या दिवशी त्यांनी मला स्वतःहून सांगितलं, 'पाच जणांना मी मोकळं केलं. एकाला नाही करता आलं. सहाही जणांचे नंबर घे, आणि त्या सहाव्याला आधी फोन कर.'"

"केलास?"

"केला. तो आता एका बिअरच्या कारखान्यात आंबवण्याच्या टाक्या सांभाळतो. म्हणाला, बाई वाईट नाहीत. माझा विषय चालणार नाही हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं, पण मला वाईट वाटेल म्हणून वर्षभर बोलल्या नाहीत. तेव्हापासून म्हणे पहिल्याच दिवशी सांगतात. आणि बाकीच्या पाचांतली एक तर चक्क रडली फोनवर, म्हणाली तू माझ्याच जागेवर बसशील."

"आणि सेलोर्म?"

"सेलोर्मचं सहावं वर्ष चालू आहे. चार म्हणाले होते. यंत्र बंद पडलं की थांबायचं, भाग आला की पळायचं. बुधवारी दुपारी वीज गेली. बाई, तुम्ही तिथे असायला हवं होतं! तिच्या नळ्या थंड राहायला हव्यात, नाहीतर तीन महिन्यांचं काम वाया. तिने बर्फाची पेटी एका बाजूने धरली, मी दुसऱ्या, आणि पळत सुटलो फाटकाबाहेरच्या मासळीच्या शीतगृहात. तिथली बाई आमची वाटच बघत होती. म्हणाली, तुमचा कप्पा रिकामा केलाय, पण मागच्या वेळेसारखं माझ्या बांगडा मासळीवर ठेवू नका, गिऱ्हाईक विचारतं, माशात नळ्या कसल्या?"

मुलं खिदळली. मी हसले नाही. "म्हणजे तिथे हाल आहेत."

"आहेत."

"हालांची हौस म्हणून राहू नकोस. ते दागिने नव्हेत, मिरवायला."

"नाही, बाई. अमेरिकेतल्या सरांनाही मी तोच प्रश्न लिहिला. त्यांनीही सगळ्यांची नावं दिली, दोघं मधेच सोडून गेले तेही सांगितलं. भला माणूस. त्यांच्याकडच्या एका मुलीशी मी बोलले. ती म्हणाली, इथे यंत्र कधी थांबत नाही. पण इथे वीस जण आहेत, सरांच्या वेळेसाठी रांग लावावी लागते, आणि प्रश्न सरांचा असतो. तरी मी सुखी आहे म्हणाली. मला ते पटलं. दोन्हीकडे मोकळं करतात, बाई. दोन्हीकडे रडवतात."

"मग गणित सुटलं कुठे?"

तिने हात नाकाशी नेला. मग तिचे डोळे तसे झाले, अकरा वर्षांच्या वयात होते तसे.

"फाटकाबाहेर तीन केंकीवाल्या बसतात. मी तिघींना एकाच पोत्यातला मका दिला. एकाच दिवशी भिजवला, एकाच दिवशी दळला. तिघींचं पीठ आंबलं. एकीच्या पिठात विष बरंच उतरलं, दुसरीच्यात थोडं, तिसरीच्यात जवळजवळ नाही. सेलोर्म म्हणाली, तुझी मोजण्यात चूक झाली. पुन्हा मोजलं. तेच. प्रोफेसर बाईंना दाखवलं. त्या बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, 'मला माहीत नाही असं का.' बाई, त्यांना माहीत नाही! कुणालाच माहीत नाही!"

"पीठ बर्फात घालून अमेरिकेला नेता येतं," मी म्हणाले. मला तिला अडवायचं नव्हतं. पण शिडी भक्कम आहे की नाही ते हलवून बघावं लागतं.

"पीठ नेता येईल. पण त्या बायका नाही नेता येत. आज माठ धुतला होता का, कालचं पीठ थोडं मिसळलं का, पावसाळ्यात काय करता, हे मला उद्या पुन्हा जाऊन विचारायचंय. परवा पुन्हा."

"आणि दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा प्रोफेसर बाईंना काय सांगितलंस?"

"अजून नाही, असं. मला वाटलं, पीठ बघून मी भुललेय. घरी येऊन, आंबट वास गेल्यावर बघू, अजून तसंच वाटतंय का."

"वाटतंय?"

मान्सा तिच्या हाताचा वास घेत होती. "वास गेलाच नाही," ती म्हणाली.

एप्रिलच्या त्या दिवशी आम्ही चौघं गेलो: फ्रेमा, कोनादू, आंत्वी आणि मी. आंत्वीने या वेळी साधा सदरा घातला होता, आणि बरोबर काहीच आणलं नव्हतं. ट्रोट्रोत तो फ्रेमाला हळूच म्हणाला, "तू नाही म्हणालीस तर बाटली मी परत घेईन. लाज माझी, तुझी नाही. हे मी त्या बाईंना आधीच सांगणार आहे."

"काही सांगू नका, मामा," फ्रेमा म्हणाली, आणि तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

प्रोफेसर बाईंच्या कपाटात, पुस्तकांच्या दोन थप्प्यांमध्ये, हिरवी बाटली उभी होती. पट्टी तशीच. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि विचारण्यासाठी तोंड उघडलं, तोच कोनादू म्हणाली, "थांबा. आधी माझं. हिला मोकळं कधी करणार?"

सेलोर्म दारातून आत डोकावली. हे उत्तर तिलाही ऐकायचं होतं.

प्रोफेसर बाई गडबडल्या. "चार वर्षं. म्हणजे, वीज राहिली तर."

"मी गिऱ्हाइकाला लग्नाचा झगा शुक्रवारी देते म्हणते, तेव्हा वीज जाणार हे धरूनच म्हणते."

"पाच," बाई म्हणाल्या. "पाचाच्या पुढे गेलं तर तुम्ही इथे येऊन मला जाब विचारा."

"येईन. सेलोर्मसाठीही येऊ का?"

"या, मावशी, या!" सेलोर्म म्हणाली. प्रोफेसर बाई मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, "तिचा प्रबंध मी परवा वाचून संपवला. सप्टेंबरमध्ये पावडरचा डबा घेऊनच या." सेलोर्मच्या हातातला ठोकळा खणखणला.

मग फ्रेमा बोलली. आवाज बारीक होता, पण थांबला नाही. "माझेही दोन प्रश्न आहेत, प्रोफेसर. माझा विषय चालणार नाही असं तुम्हाला वाटलं तर मला त्याच आठवड्यात सांगाल?"

"त्याच दिवशी सांगीन."

"आणि जे यंत्र इथे कधीच नसणार, ते शिकायला मला सहा महिने बाहेर पाठवाल? अमेरिकेतल्या सरांना मी नकार कळवताना हेही विचारणार आहे. ते हो म्हणतील असं वाटतं."

"जिथे पाठवता येईल तिथे पाठवीन. अर्ज आपण दोघी लिहू. माझं इंग्रजी चांगलं आहे, तुझे आकडे चांगले आहेत." त्यांनी बाटलीवर हात ठेवला. "आता तिसऱ्यांदा विचारते. उघडू?"

आंत्वीने डोळे मिटून घेतले होते. मी फ्रेमाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, आईकडे बघत नव्हती. ती बाटलीवरच्या कोऱ्या जागेकडे बघत होती.

"द्या," ती म्हणाली. "मीच उघडते."

"इथे नाही!" प्रोफेसर बाई ओरडल्या. "प्रयोगशाळेपासून लांब. नियम म्हणजे नियम."

आम्ही सगळे बाहेर आंब्याच्या झाडाखाली गेलो. फ्रेमाने बूच फिरवलं. आंत्वीने पूर्वजांची नावं घेत मातीवर थेंब थेंब ओतले, आणि शेवटी फाटकाबाहेरच्या तीन केंकीवाल्यांच्या नावानेही ओतले. त्या जिवंत आहेत, असं मी त्याला हळूच सांगितलं. "मग दीर्घायुष्यासाठी," तो म्हणाला. प्रोफेसर बाईंनी खिशातून पेन काढून फ्रेमाला दिलं, आणि तिने पट्टीवरच्या कोऱ्या जागेत त्या दिवसाची तारीख घातली.

नंतर तिने आम्हाला तिची जागा दाखवली. खिडकीपाशी, सेंट्रिफ्यूजच्या शेजारी. त्याचा सुटा भाग आला होता आणि ते मधमाशांच्या पोळ्यासारखं गुणगुणत होतं. कामाच्या उंच ओट्यासमोर आंत्वीने पहिल्या खेपेला ठेवून दिलेलं स्टूल मांडलं होतं. फ्रेमा त्यावर बसली, तेव्हा तिची हनुवटी ओट्याच्या कडेला टेकली. आमच्याकडची स्टुलं शिलाईमशीनच्या मापाची असतात.

कोनादूने तोंडावर अंगावरच्या कापडाचं टोक धरलं. सेलोर्म या वेळी उघडपणे हसत होती. आंत्वी मात्र गुडघ्यांवर बसला आणि ओट्यापासून जमिनीपर्यंत वितीने मोजू लागला.

"ऊठ जरा," तो भाचीला म्हणाला. "या वेळी आधी माप घेतो."